पाणी पिणारा दगड

आमच्या धंद्यात दगडाबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं भूगोलाच्या तासालाही होत नसेल. सोलापुरात मोटारपंपाचं दुकान आहे, सबमर्सिबल, पाइप, केबल, पॅनेल बोर्ड असलं सगळं, आणि गिऱ्हाईक काउंटरला टेकलं की आधी आम्हीच विचारतो, बोअर किती फूट, पाणी कितीला लागलं, केसिंग किती उतरवलं, कारण त्याच्यावरच किती एचपीची मोटार आणि किती स्टेजचा पंप ते ठरतं. मग माणूस बसतो, चहा येतो आणि सुरू होतं, वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे भोकाभोकाचा दगड लागला, मग गेरूचा पट्टा, आणि त्याच्याखाली नुसता काळा पाषाण, तीनशे फूट, पाचशे फूट, धुरळा नुसता. पाणाड्यानं नारळ हातावर धरून जागा दाखवली होती, नारळ उभासुद्धा राहिला होता, पण खाली पाणीच नाही त्याला नारळ काय करणार.

हा आपला दगड आगीतनं आलेला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याच्यावर परत वाहिला, असे थरावर थर. अकराशे-बाराशे डिग्रीच्या रसात हाडूकसुद्धा शिल्लक राहत नाही, म्हणून भुईकोट किल्ल्याचा चिरा न चिरा भिंग लावून बघितला तरी त्यात शिंपला सापडायचा नाही. हां, दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांत काळात जिथं तळी साचली, गाळ बसला, तिथं सापडतं काहीबाही. मुंबईत वरळीच्या टेकडीत इवलेइवले बेडूक सापडलेत दगड झालेले, आणि नागपूरजवळच्या टाकळीला हिस्लॉप आणि हंटर नावाच्या मिशनऱ्यांनी १८५० च्या आसपास शंखशिंपले आणि झाडांचे अवशेष गोळा केले होते (टाकळी म्हटलं की सोलापूरकराला आधी भीमेवरचं पाणी उपसायचं ठिकाण आठवतं, ही टाकळी वेगळी). आपल्याकडं बोअरमध्ये जो लाल गेरू लागतो ना, ती पण खरं तर त्या मधल्या काळातली मातीच, वरून पुढचा लाव्हा आला आणि भाजून निघाली. बोअरवाले गेरूला शिव्या घालतात कारण पाणी लागलं की तो फुगतो, ढासळतो आणि मोटार अडकते. पण अख्ख्या सहाशे फुटांत कधीकाळी गवत उगवलं असेल तर ते त्या दोन-चार फुटांतच.

हे सगळं डोक्यात घेऊन मी भाचीकडं अमेरिकेला गेलो. कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते, ती आणि जावई दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. बाकी ते गोल्डन गेट वगैरे सगळ्यांनी फोटोत बघितलेलंच असतं, त्याच्याबद्दल नवीन काय लिहिणार. शनिवारी भाची म्हणाली, "मामा, चला तुम्हाला डोंगरात शार्कचे दात दाखवते." मला वाटलं चेष्टा करते. डोंगरात शार्क?

सॅन होजेतनं सतरा नंबरच्या हायवेनं सांताक्रूझकडं निघालं की मधे डोंगर लागतात, सांताक्रूझ माउंटन्स. घाट म्हणजे आपला दिवेघाट परवडला अशा वळणांचा, आणि त्यात ही लोकं पंचावन्न मैलानं गाड्या हाणतात. डोंगर उतरता उतरता स्कॉट्स व्हॅली नावाचं गाव लागतं. त्या गावाच्या आजूबाजूला, फेल्टन, बेन लोमंड, बॉनी डून अशा पट्ट्यात एक पांढरट-पिवळसर दगड उघडा पडलेला दिसतो. त्याचं नाव सांता मार्गारिटा सँडस्टोन, म्हणजे वाळूचा दगड. नाव पडलं ते दक्षिणेकडच्या सांता मार्गारिटा गावावरनं, फेअरबँक्स नावाच्या भूगर्भवाल्यानं १९०४ मध्ये ठेवलेलं. वय म्हणाल तर एक ते सव्वा कोटी वर्षं. म्हणजे ही वाळू समुद्राच्या तळाशी बसत होती तेव्हा आपला सोलापूरचा पाषाण साडेपाच कोटी वर्षांचा म्हातारा झालेला.

रस्त्याच्या कडेला एक कापलेली कडा होती तिथं गाडी थांबवली. मी सवयीप्रमाणं दगडावर हात मारला तर हाताला दगडच लागेना, वाळू लागली. बोटानं खरवडलं की दाणे गळतात, आणि खाली पडलेला एक तुकडा उचलून मुठीत दाबला तर आपली कडक भाकरी चुरावी तसा चुरला. मी जावयांना म्हटलं, अहो याला दगड कोण म्हणतं, आमच्याकडं हा मुरमाच्या भावात पण कोणी घेणार नाही. ते हसले नुसते. जन्म पुण्यात गेलेला, त्यांना मुरूम काय आणि पाषाण काय.

पण जरा लांब जाऊन बघितलं की कळतं. त्या कड्यावर तिरप्या रेघा आहेत, खालपासून वरपर्यंत, एक गठ्ठा या बाजूला कललेला, त्याच्यावरचा दुसरा भलतीकडं. भाचीनं वाचून ठेवलं होतं बरंच. तिथं म्हणे एक सामुद्रधुनी होती, उथळ, आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यातनं एवढ्या जोरात ये-जा करायचं की तळाशी वाळूचे मोठे ढिगारे सरकत राहायचे. ढिगाऱ्याच्या उतारावरनं वाळू घरंगळली की एक तिरपी रेघ. प्रवाह बदलला की रेघेचा कल बदलला. मी आयुष्यभर दगडाचे आडवे थर ऐकत आलेला माणूस, तो पण गिऱ्हाइकाच्या तोंडून, आणि इथं पाणी कुठून कुठं वाहिलं ते दगडावरच काढून ठेवलेलं, मला तिथून हलावंसं वाटेना.

मोठी वाळू आणि गोटे ज्या थरांत आहेत तिथं हाडं-दात जास्त सापडतात, कारण जोराच्या पाण्यात हलकं सगळं वाहून जातं आणि जड मागं राहतं. सगळ्यात जास्त असतात ते सँड डॉलर, चपटे गोल समुद्री प्राणी, दीड-दोन इंचाचे, वर पाच पाकळ्यांची नक्षी. काही ठिकाणी तर इतके दाटीवाटीनं की दगड कमी आणि तेच जास्त. आणि शार्कचे दात. दातच का, बाकीचा शार्क कुठं गेला, तर शार्कच्या अंगात हाड नसतंच, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतं ते, त्यामुळं तो सडून जातो. दात मात्र आयुष्यभर पडत राहतात आणि मागनं नवीन येत राहतात, एकेका शार्कचे हजारो. माको शार्कचे दात, आणि मेगालोडॉन म्हणून जो राक्षस होता त्याचे पण मिळालेत तिथं. तळहाताएवढा दात म्हणजे तोंड केवढं असेल बघा.

मला वाटलं एखादा उचलावा, दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवावा. भाचीनं आधीच बजावलं, मामा, हात लावायचा नाही. सरकारी जागेत हाडा-दातांचे फॉसिल परवानगीशिवाय घेता येत नाहीत, आणि खाणी आहेत त्या खासगी. मग फोटो काढले. आपल्या लोकांना म्हणजे मला, मोफत पडलेली वस्तू उचलायची नाही हे जरा जड जातंच.

दुपारी सांताक्रूझच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेलो. छोटंसं आहे, बाहेर लहान पोरं सिमेंटच्या देवमाशावर चढत होती. आत या भागात सापडलेल्या समुद्रगायीचा सांगाडा आहे. मी तर समुद्रगाय हे प्रकरणच पहिल्यांदा बघितलं. मासा नाही, सस्तन प्राणी, पिल्लाला दूध पाजणारा, समुद्रातली झाडंझुडं खाऊन राहणारा, आणि नात्यानं हत्तीच्या जवळचा. फासळ्या अशा जाड आणि भरीव की दगडी बांगड्या वाटाव्यात, ते वजन पाण्यात खाली राहायला उपयोगी पडायचं. या जुन्या समुद्रगायी गरम पाण्यातल्या, पुढं प्रशांत महासागर थंड होत गेला तशी यांची वंशावळ पण बदलत गेली, दात गेले, अंग वाढलं, आणि शेवटी उत्तरेच्या बर्फाळ पाण्यात राहणारी स्टेलरची समुद्रगाय तयार झाली. स्टेलर नावाच्या जर्मन माणसानं ती १७४१ मध्ये जिवंत बघितली, लिहून ठेवली. नंतर त्या वाटेनं कातड्यांचे व्यापारी जायला लागले, त्यांना फुकटचं मटण सापडलं, आणि १७६८ पर्यंत ती संपली. सत्तावीस वर्षांत. कोटभर वर्षं हवापाणी बदललं त्याच्याबरोबर बदलत राहिलेला प्राणी आणि शिकारी जहाजांपुढं सत्तावीस वर्षं टिकला नाही. तिची चुलत बहीण डुगाँग आपल्याकडं आहे अजून, कच्छच्या आखातात, अंदमानला, आणि तमिळनाडूच्या पाल्कच्या समुद्रात, जिथं २०२२ मध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र केलं.

आता हा समुद्राचा तळ डोंगरात कसा आला? तिथं सॅन अँड्रियास फॉल्ट म्हणून जमिनीतली मोठी भेग आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्लेटा तिथं एकमेकींना घासत आडव्या सरकतात. पण सांताक्रूझच्या डोंगरात ती रेघ जरा वाकडी झालीये, आणि वाकड्या जागी नुसतं सरकता येत नाही, दाबलं जातं. दाबलं की वर यायचं. तेवढ्यासाठी हा डोंगर. १७ ऑक्टोबर १९८९ ला तिथं ६.९ चा भूकंप झाला, लोमा प्रिएटा म्हणतात त्याला, ६३ माणसं गेली. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मला एकदम किल्लारी आठवली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत-बाहेर, आम्ही विसर्जनाची मिरवणूक बघून येऊन नुकतेच अंग टाकलेलं आणि भांडी वाजायला लागली. सगळी गल्ली रस्त्यावर. सोलापुरात तसं काही झालं नाही पण सकाळी बातम्या यायला लागल्या आणि मग सिव्हिलला जखमींच्या गाड्या. तो भूकंप लोमा प्रिएटापेक्षा कितीतरी लहान आणि माणसं गेली जवळपास दहा हजार. मातीत रचलेल्या दगडी भिंती, माळवदाची घरं, आणि सगळं गाव झोपेत. आमच्या पाषाणानं पाणी दिलं नाही ते नाहीच, त्या रात्री तो अंगावर पण पडला.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला त्या कड्यापाशीच सुचला होता, फक्त तेव्हा बोललो नाही. जवळ पाण्याची बाटली होती, अर्धी शिल्लक. खाली त्याच दगडाची सुटी झालेली वाळू पसरलेली, तिच्यावर ओतली. ओघळ नाही, डबकं नाही, चिखल नाही. ओतलं आणि गायब. जावई म्हणाले, मामा काय करताय, तिकडं पाणी विकत घेतलंय. पण मला बघायचं होतं. दगडात दाण्या-दाण्याच्या मधे जागा मोकळी असते, असल्या कच्च्या सँडस्टोनमध्ये पाव हिस्सा किंवा त्याच्याहून जास्त पोकळीच. म्हणजे चार टाक्यांएवढा दगड घेतला तर एक टाकी पाणी त्याच्या पोटात मावतं. आपल्या पाषाणात अशी जागा नसल्यासारखीच. आपलं पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्याच्या भोकांत आणि भेगांत, आणि भेग गावली तर गावली. म्हणून शेजाऱ्याला तीन इंची पाणी लागतं आणि बांधाच्या अलीकडं आपला बोअर फेल. सँडस्टोनमध्ये हा जुगार नाही, दगड पाण्याखाली असला की कुठंही पाडा, पाणी आहे.

आणि गंमत अशी की शार्कचा दात टिकला त्याचं कारण पण तेच. वाळू पाण्यात बसली, कोणी तिला भाजलं नाही, पुढं कोणी फार आवळलं पण नाही. म्हणून दात पण राहिला आणि जागा पण. भाची दात दाखवत होती आणि मी मनात गॅलन मोजत होतो.

सांताक्रूझच्या डोंगरात पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हिवाळ्यात. आमच्या सोलापूरला साडेपाचशेच्या आसपास, तो पण आला तर. पाऊस दुप्पट आणि दगड असा पाणी पिणारा, म्हटलं यांना काय कमी. तर नाही. स्कॉट्स व्हॅलीच्या भागात १९८० च्या दशकापासून विहिरींची पातळी खाली खाली गेली. त्या भागातल्या खोल विहिरी याच्या खालच्या लोम्पिको म्हणून दुसऱ्या सँडस्टोनमधनं पाणी उपसतात, तिथली पातळी तर फारच उतरली. वर घरं, रस्ते, पार्किंग झाले, तेवढी वाळू पाऊस प्यायची बंद झाली, आणि खालून मोटारी चालू. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये कायदा केला की प्रत्येक खोऱ्यानं आपल्या भूजलाचा हिशेब जुळवायचा, त्याप्रमाणं इथं २०१७ मध्ये सांता मार्गारिटा ग्राउंडवॉटर एजन्सी झाली. दगडाच्या नावानं सरकारी कमिटी, हे मला आवडलं. गावात बागांना सांडपाणी शुद्ध करून देतात, त्याचे पाइप जांभळे. धंद्याचा माणूस, पाइपाचा रंग बघितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडं पण कायदा आहे बरं का, २००९ चा, अमलात आला २०१४ मध्ये. त्यात खोल विहीर म्हणजे ६० मीटरच्या वर, म्हणजे साधारण दोनशे फूट, आणि तेवढ्या खोल जायला बंधनं. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो चारशे फुटांच्या वरचा माल. यावर मी जास्त काय बोलू, मीच विकतो. पण इतकी वर्षं काउंटरवर प्रत्येकाला मी एकच सांगत आलो की आपला दगडच करंटा आहे हो, आणि ते वाक्य तिकडनं आल्यापासून तोंडातनं तेवढ्या सहज निघत नाही. तिथला दगड करंटा नव्हता आणि तरी तेच झालं. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना घेऊन याच काळ्या दगडात तलाव खणला, तेव्हा काय दगड वेगळा होता?

त्या वाळूवर आणखी एक प्रकार आहे. जिथं हा दगड उघडा आहे तिथं माती अशी नाहीच, नुसती वाळू, पाणी थांबत नाही, कस नाही. आजूबाजूला आभाळात घुसलेले रेडवूड आणि मधेच ही टक्कल पडलेली जागा, त्यात पाँडेरोसा पाइन, चंदेरी पानांची मँझनिटा, आणि बारीकसारीक फुलं. या वाळूवर असे जीव आहेत की जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. माउंट हर्मन जून बीटल म्हणून एक भुंगा आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी फक्त नर उडतात, माद्यांना उडताच येत नाही, त्या वाळूतच बसलेल्या. तो भुंगा आणि झायांते नावाचा एक नाकतोडा, दोघंही १९९७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत. कारण ती वाळू बांधकामाला एक नंबर, खाणीच्या खाणी निघाल्या. आता कोणाला अशा जागेवर घर वाढवायचं तर त्याच्या बदल्यात दुसरीकडची तशीच वाळू राखायला पैसे भरावे लागतात. ऐकल्यावर मला आमच्या सोलापूरजवळचं नान्नज दिसलं. १९७९ मध्ये मालढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं तेव्हा आपली माणसं काय म्हणायची, माळरान आहे, गवत आहे, दगड आहेत, त्यात राखायचं काय? नंतर जमिनीचे व्यवहार अडकले, भांडणं झाली, क्षेत्र कमी केलं, आणि आता मालढोक दिसला तर पेपरात बातमी येते. माळाला आपण पडीक म्हणतो तेच वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो, सांताक्रूझच्या उत्तरेला, यलो बँक बीच. मला वाटलं आता दगड संपला, मक्याची कणसं खाऊ. पण तिथं जे बघितलं ते त्या दातांपेक्षा भारी. त्या कड्यावरचा दगड वेगळा, बारीक चिखलाचा, सांताक्रूझ मडस्टोन म्हणतात, आणि तो सांता मार्गारिटाच्या वर बसलेला असतो. पण त्या चिखलाच्या दगडाला फाडून खालची वाळू वर घुसलेली, भिंतीच्या भिंती, पिवळ्या-तपकिरी, काही तर घराएवढ्या जाड. खाली वाळूच्या पोटात पाणी कोंडलेलं, वर चिखलाचं झाकण, दाब वाढत गेला आणि झाकण फुटलं तशी वाळू पाण्यासकट वर उसळली. आमच्या धुळे-नंदुरबारकडं लाव्ह्याच्या अशा भिंती उभ्या आहेत मैलोन् मैल, डाइक म्हणतात, पण तो लाव्हा, त्यानं फोडून वर यायचंच असतं. वाळूनं हे करावं? बोअरला जोराचा झरा लागल्यावर पाण्याबरोबर रेती उडते ती बघितलेली होती, त्यामुळं मला एकट्यालाच ते पटकन पटलं. जावई अजून फोनवर वाचत होते.

मग वाटेनं तेल पण आलं. खालून तेल वर चढलं आणि मोकळ्या जागा बघून त्याच वाळूत मुरलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथल्या खाणींतला डांबरमिश्रित दगड फोडून रस्त्याला घालायचे. म्हणजे एकाच दगडाच्या पोटात कुठं पाणी, कुठं डांबर, कुठं शार्कचा दात, ज्याला जी जागा मिळाली ती. मी एका काळपट पट्ट्याला नाक लावून वास घेत होतो, मागं एक गोरी बाई कुत्रं घेऊन उभी राहून बघत होती, आणि भाची लांबनं ओरडत होती, "मामा, भरती यायला लागली, चला लवकर, आणि त्या भिंतीला नाक का लावलंय तुम्ही?"